निळ्या काचेचे वेड

शाळेत असताना आपण सर्वांनी ‘तानापिहिनिपाजा’ घोकलेले आहे. पांढऱ्या उन्हात सात रंग दडलेले असतात, एवढे त्यातून कळले. पण त्या सातांपैकी झाडाला कोणता मानवतो, हे काही आपल्याला कोणी विचारले नाही. अमेरिकेतल्या एका लष्करी गृहस्थाने मात्र हा प्रश्न अंगावर घेतला आणि देशभर मोठी धमाल उडवून दिली.

फिलाडेल्फियाच्या जनरल ऑगस्टस प्लेझंटन यांनी 1860 च्या सुमारास द्राक्षांसाठी काचेचे घर बांधले. आकाश निळे, तेव्हा त्या निळाईतच काही जीवनशक्ती असली पाहिजे, हे त्यांचे अनुमान. म्हणून छपराच्या दर आठ ओळींत एक ओळ जांभळ्या-निळ्या काचेची बसवली. 1861 साली वेली लावल्या, आणि पाच महिन्यांत त्या 45 फूट वाढल्या असे जनरलसाहेब सांगू लागले. पुढे डुकरांची पिल्लेही निळ्या उजेडात वाढवून झाली! 1871 साली शेतकी मंडळींपुढे व्याख्यान झाले, आणि 1876 साली पुस्तक निघाले, तेही निळ्या कागदावर निळ्या शाईने छापलेले. मग काय विचारता? लोक खिडक्यांना निळ्या काचा लावून संधिवात बरा करू लागले. काच विकणाऱ्यांची चंगळ झाली.

माझ्या मते माणूस लबाड नव्हता. चुकले ते एवढेच, की काच ही गाळणी आहे हे त्यांनी ध्यानात घेतले नाही. रंगीत काच उन्हात कसलीही भर घालीत नाही, उलट बाकीचे रंग अडवून धरते. म्हणजे निळ्या काचेखालच्या वेलीला साध्या काचेखालच्या वेलीपेक्षा प्रकाश कमीच मिळायचा! 1877 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ने हीच गोष्ट मांडली, आणि ते वेड हळूहळू ओसरले.

खरे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. 1882 साली जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी शेवाळाच्या एका तंतूवर इंद्रधनुष्याचा इवलासा पट्टा पाडला आणि भोवतीच्या पाण्यात प्राणवायूला हपापलेले जंतू सोडले. जंतूंनी गर्दी केली ती तांबड्या आणि निळ्या भागापाशी. हिरव्यापाशी तुरळक. म्हणजे अन्न तयार करण्याचे काम जोरात चालते ते त्या दोन रंगांवर. हिरवा प्रकाश पान त्या दोन रंगांपेक्षा जास्त परतवते, म्हणून तर ते आपल्याला हिरवे दिसते. तेव्हा निळ्या रंगाबद्दल जनरलसाहेब अगदीच चुकले नव्हते म्हणा. कुंडीतले रोप खिडकीकडे झुकते तेही मुख्यतः निळ्या किरणांमुळे.

पण रंग म्हणजे झाडाला नुसते अन्न नव्हे, ती खूणही असते. अमेरिकेच्या शेती खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलडच्या ओल्या बियांवर थोडा वेळ तांबडा प्रकाश टाकला. शेकडा 70 बिया रुजल्या. तांबड्यानंतर त्याच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा अतितांबडा प्रकाश टाकला, तर रुजल्या अवघ्या 6. पुन्हा तांबडा टाकला की पुन्हा 70 च्या घरात! कितीही वेळा आलटून पालटून करा, शेवटी जो रंग पडेल त्याचेच बी ऐकते. हे 1952 साली प्रसिद्ध झाले. 1959 साली मक्याच्या कोंबांत ते रंगद्रव्यही हाती लागले. त्याला फायटोक्रोम म्हणतात.

बीला या हिशेबाचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. दाट झाडीखाली पडलेल्या बीचा विचार करा. वरची पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात, अतितांबडा तेवढा खाली झिरपू देतात. बीला त्यावरून डोक्यावर सावली असल्याचे कळते, आणि ते गप्प पडून राहते. एखादे झाड कोसळून ऊन थेट जमिनीवर पडले, की मग ते रुजते.