शिंपीकात्री, जुनी
शिंपीकात्री, जुनी : कापड बेतून कापण्याची लांब पात्यांची व असमान मुठींची कात्री, तिचे जुने नमुने जमवून, धार लावून पुन्हा वापरात आणतात. अमेरिकेतील न्यूअर्क येथे रोकस हाइनिश यांनी एकोणिसाव्या शतकात वाकड्या मुठीची कात्री रूढ केली. तेथेच जेकब विस यांनी १८४८ मध्ये कारखाना काढला. शेफील्ड, झोलिंगेन व मेरठ ही अन्य केंद्रे (पहा : पोलाद). वाकड्या मुठीमुळे खालचे पाते मेजावर सपाट सरकते व कापड उचलले जात नाही. किंचित बाकदार पाती एका वेळी एकाच बिंदूत भिडतात. म्हणून धार लावताना बाहेरचा उतारच मूळ कोनात घासतात, आतील बाजू राखतात (पहा : धार लावणे). जुने नमुने हातघडाईच्या तंत्राचा पुरावा ठरतात (पहा : शिवणकाम).