मालक परदेशी, म्हणून गेम परका?

ठाणे-डोंबिवलीत गेम बनवणाऱ्या पोरांमध्ये बसा, एक सिद्धांत हमखास ऐकू येतो: परदेशी पैसा घेतला की स्टुडिओ गेला. पुरावा म्हणून नॉटिलसचं नाव घेतलं जातं. मार्च 2025 मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने ‘रिअल क्रिकेट’ बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमधला 75 टक्के हिस्सा सुमारे 118 कोटींना घेतला.

पण नॉटिलस त्याआधीच पुण्याच्याच जेटसिंथेसिसच्या ताब्यात होता. स्टुडिओचं स्वातंत्र्य संपलं असेलच, तर ते पुण्यातल्या पुण्यात संपलं. तेव्हा कुणी हळहळल्याचं आठवत नाही. मुंबईच्या इंडियागेम्समध्ये तर आधी चीनच्या टॉम ऑनलाइनचा, मग 2007 पासून आपल्या यूटीव्हीचा बहुसंख्य हिस्सा होता आणि 2011 मध्ये डिस्ने आली. या सगळ्या फेरबदलात कारभार संस्थापक विशाल गोंडल यांच्याच हाती राहिला.

पासपोर्ट बघून काही कळत नाही, आकडे बघावे लागतात. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला विरोधाच्या तिप्पट मतं लागतात. म्हणजे 75 टक्केवाला एकटा कंपनीची नियमावली बदलू शकतो; करारात वेगळं संरक्षण नसेल तर उरलेले 25 टक्के नुसते बघत बसतात. तो सोलचा असो की सदाशिव पेठेतला.

आणि टक्केही फसवतात. समजा, डोंबिवलीतल्या तिघांनी 20 टक्के देऊन 2 कोटी घेतले आणि ‘विक्री झाली तर गुंतवणूकदाराची मूळ रक्कम आधी’ हे कलम न वाचताच सही ठोकली. पुढे स्टुडिओ 3 कोटींना विकला गेला. 80 टक्केवाल्या तिघांत मिळून उरतो 1 कोटी! हे कलम ठाण्यातला गुंतवणूकदारही घालतोच. गेमचे हक्क कुणाच्या नावावर, हा प्रश्न तर हिश्श्याच्या घासाघिशीत कित्येकदा निघतच नाही.

पूर्वपक्षात तथ्य आहे ते एवढंच, की परदेशी मालकाबरोबर दिल्लीची मर्जीही येते. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. क्राफ्टनचा स्वतःचा बीजीएमआय हा गेमही जुलै 2022 मध्ये दिल्लीच्या आदेशाने रातोरात बंद झाला, तो मे 2023 मध्ये परतला. दहा महिने कळ काढायला क्राफ्टनपाशी पैसा होता. डोंबिवलीच्या तिघांनी भागीदाराचा देश बघावा तो या हिशेबासाठी.