विजय कोणाचा?

२२ सप्टेंबर १९२७ रोजीं शिकागो येथें झालेल्या मुष्टियुद्धाचा वाद पुढें कित्येक वर्षें चालला. सातव्या फेरींत जॅक डेम्प्सीच्या माऱ्यानें जगज्जेता जीन टनी कोसळला. प्रतिस्पर्ध्यास पाडणाऱ्यानें दूरच्या तटस्थ कोपऱ्यांत जावें असा नियम. डेम्प्सी मात्र तेथेंच घुटमळला. तो हलेपर्यंत पंच डेव्ह बॅरी यांनीं मोजणी आरंभिली नाहीं. टनी ९ च्या आंकड्यावर उठला खरा, पण एव्हांना सुमारें १४ सेकंद लोटले होते! दहा फेऱ्यांअंतीं निर्णय टनीच्या बाजूनें लागला. त्यांत अन्याय नव्हता; नियम उभयतांस ठाऊक होता, आणि बहुतेक फेऱ्यांत टनीच वरचढ होता. परंतु आठव्या फेरींत डेम्प्सी पडला, तेव्हां टनी कोपऱ्यांत जाण्याची वाट न पाहतां मोजणी सुरू झाली. पहिल्या विलंबाहून पंचांची ही घाईच अधिक खटकते.