प्रतीक्षेचे वर्तुळ आणि घड्याळ : उपकरणाधिष्ठित उड्डाणातील कालमापन आणि १९६२ चा जुन्नर अपघात

फलाट रिकामा नसेल तर रेल्वेगाडी पूर्णा जंक्शनच्या अलीकडे सिग्नलला उभी राहते. विमानाला ही सोय नाही. धावपट्टी मोकळी होईपर्यंत त्याला उडतच राहावे लागते आणि ढगात वा अंधारात, जमिनीवरील एकही खूण दिसत नसताना, ठरलेल्या जागेच्या आसपासच राहावे लागते. या गरजेतून घडलेली 'होल्डिंग पॅटर्न' ही पद्धती म्हणजे काळाच्या साहाय्याने स्थान सांभाळण्याची रीत होय. प्रस्तुत लेखात तिच्या घडणीचा आणि तिच्या मर्यादेचा विचार केला आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते दिवसाच्या उजेडात, जमीन पाहत. तत्पूर्वी १९२९ मध्ये जेम्स डूलिटल यांनी अमेरिकेत केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून विमान उतरवून दाखविले होते. मात्र एकच विमान ढगातून आणणे आणि अनेक विमाने एकाच ठिकाणी आणणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९३५ च्या अखेरीस न्यूअर्क येथे विमान कंपन्यांनी वाहतूक-नियंत्रण केंद्र सुरू केले. रडार नसल्याने वैमानिकांनी कळविलेल्या वेळांवरून विमानांचे स्थान ताडले जाई. म्हणजे आकाशाचा नकाशा वस्तुतः घड्याळावरच उभा होता.

होल्डिंग पॅटर्नचे गणित शालेय पातळीचे आहे. विमान सेकंदाला ३ अंश वळते. म्हणजे अर्धे वळण एका मिनिटात पुरे होते. दोन वळणे आणि दोन सरळ बाजू, प्रत्येकी एक मिनिट, मिळून चार मिनिटांची फेरी. १४,००० फुटांच्या वर सरळ बाजूसाठी दीड मिनिट धरतात. ताशी १८० नॉट वेगाने एका मिनिटात ३ सागरी मैल कापले जातात. परंतु मागून ३० नॉटचा वारा असेल तर त्याच मिनिटात साडेतीन मैल होतात, आणि परतताना तोच वारा समोरून आल्याने तेवढ्याच अंतराला ८४ सेकंद लागतात. वळणात विमान वाहून जाते, ते वेगळेच. म्हणून वैमानिक दर फेरीला जाण्याचा काळ कमी-अधिक करतो. हाती स्टॉपवॉच असले तरी तो खरे पाहता वारा मोजत असतो.

ही सारी रचना एका गृहीतावर उभी आहे : आरंभबिंदू निश्चित हवा. घड्याळ त्या बिंदूपासूनचे अंतर सांगते, खुद्द बिंदू सांगत नाही.

७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. धावपट्टीच्या अलीकडे असणाऱ्या बाह्य मार्कर या रेडिओ-संकेतावर ३६० अंशांचे पूर्ण वळण घेण्याविषयी नियंत्रकाशी बोलणेही झाले होते. प्रत्यक्षात विमान मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटर दूर होते. जुन्नर परिसरातील दवंड्याच्या डोंगरावर ते आदळले आणि सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण आहोत त्याहून मुंबईच्या अधिक जवळ आहोत, असा दिशानिर्णयातील चुकीमुळे वैमानिकाचा समज झाला व त्यातून विमान अकाली खाली आणले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. उपलब्ध मार्गदर्शक साधनांनी स्थान पडताळले गेले नाही, किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही आणि प्रदेशाची ओळख नव्हती, हीही कारणे नोंदली गेली.

यातील शेवटचे कारण प्रस्तुत लेखकास अधिक बोलके वाटते. मुंबई समुद्रकाठची, तिच्यालगत जी उंची निर्धास्त, तीच घाटमाथ्यावर प्राणघातक. पूर्वेकडून येणाऱ्या विमानाला पठार ओलांडून सह्याद्री पार करावा लागतो, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पावसाळी रात्री ढगातून येणाऱ्या परक्या वैमानिकाला ते कोण सांगणार? चुकलेल्या बिंदूभोवतीचे वर्तुळ कितीही काटेकोर मोजले, तरी ते डोंगरातूनच जाणार होते.

पुढे रडार व उपग्रहाधारित साधनांमुळे स्थाननिश्चितीचा प्रश्न बराच सुटला; प्रतीक्षेचा मात्र सुटला नाही. मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात, असे केंद्रीय नागरी उड्डाण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नमूद केले. ४० मिनिटांच्या प्रतीक्षेत सुमारे १.७ किलोलिटर, तर ६० मिनिटांत सुमारे २.५ किलोलिटर इंधन जळते, असा हिशेबही दिला. त्यानंतर गर्दीच्या काळातील विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ वर आणण्यात आली.