बार, हाताने भरलेला (आदिलाबाद परिसर)

बंदूक उडवण्यापूर्वी दारू आणि शिसे स्वतः मापून भरलेला बार. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या काडतुसात दारू कोणती आणि किती, हे दुसऱ्याने ठरवलेले असते. हाताच्या बारात ती निवड आणि तिची जोखीम दोन्ही भरणाऱ्याकडे असतात. तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आणि त्याला लागून असलेले महाराष्ट्रातील किनवट व राजुरा हे तालुके (१९५६पर्यंत दोन्ही आदिलाबादमध्येच होते) या पट्ट्यात हाताचा बार म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा बार. अमेरिकेत या कामाचे दुसरे रूप रुळले, ते म्हणजे रिव्हॉल्व्हरचे काडतूस घेणाऱ्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीसाठी वापरलेली पितळी टोपणे पुन्हा भरण्याचे. हत्यारे वेगळी दिसली तरी दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: या नळीला, या वजनाच्या शिशाला, किती वेगाने जळणारी दारू मानवेल?

ठासणीची बंदूक नळीच्या तोंडाकडून भरतात. आधी दारू, तिच्यावर चिंधीचा किंवा कागदाचा डाट, मग छर्रे किंवा गोळी, वर पुन्हा पातळ डाट, आणि प्रत्येक थर गजाने ठासायचा. जुन्या तोड्याच्या बंदुकीत कानापाशी रंजक म्हणजे पेटवणीची बारीक दारू टाकून जळत्या तोड्याने ती पेटवत. एकोणिसाव्या शतकात टोपीची बंदूक आली, तशी घोड्याच्या आघाताने तांब्याची टोपी फुटून ठिणगी थेट आत जाऊ लागली आणि पावसाळी रात्री बंदूक हमखास उडण्याची शक्यता बरीच वाढली. टोपी नेहमी शेवटी लावायची. हा क्रम उलटा झाला, की भरणाऱ्याचा हात नळीच्या तोंडावर असतानाच बार उडू शकतो.

यात वापरायची ती काळी दारू. सोरा, गंधक आणि कोळशाची ही दारू पृष्ठभागावरून जळते, म्हणून तिचा वेग बराचसा दाण्याच्या आकारावर ठरतो. बारीक दाणा झटकन पेटतो, तो रंजकेला आणि लहान नळीला योग्य. रुंद नळीला आणि जड शिशाला जाड दाणा लागतो, कारण शिसे हलायच्या आत सगळा दाब एकदम चढणे नळीला परवडत नाही. छर्ऱ्यांसाठी जुना ठोकताळा असा, की दारू आणि छर्रे एकाच मापाने, म्हणजे सारख्याच आकारमानाने घ्यावेत. दारू जास्त घातली तर मार लांब जाईल हा समज चुकीचा आहे. दारू वाढली की छर्रे विखुरतात आणि दूरचे सावज उलट मोकळे सुटते.

काळ्या दारूची दुसरी खोड तिच्या राखेत आहे. जळालेल्या दारूचे निम्म्याहून जास्त वजन धूर आणि घन मळी होऊन उरते. या मळीतील पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. पैनगंगेच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये बार काढून बंदूक तशीच टेकवून ठेवली, तर नळी गंजायला लागते. यावर तेलाआधी गरम पाणी हाच उपाय, कारण क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही.

तरीही नळ्या फुटण्यामागे गंजापेक्षा भरणीतल्या चुका जास्त असतात. त्यांतली पहिली म्हणजे दारू आणि गोळी यांच्यामध्ये राहिलेली पोकळी. गोळी अर्ध्यात अडकून राहिली, की तिच्यामागे दाब साठून नळी तिथेच फुगते. दुसरी, आधीचा बार आत असताना वर दुसरा भरणे. अंधारात, मचाणावर, घाईत हे सहज घडते. म्हणून जाणते लोक गजावर दोन खुणा करून ठेवतात, एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची. भरण्याआधी गज आत सोडून पाहिला की नळी काय अवस्थेत आहे ते कळते. एवढी साधी आणि एवढी भरवशाची युक्ती पुढच्या दीडशे वर्षांतल्या काडतुसांना लाभली नाही, हे पुढे दिसेल. तिसरी चूक सर्वांत वाईट: बाराबोर काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीत घालणे. मापाने तेवढीच घातली तरी तिची शक्ती कितीतरी जास्त असते आणि जुनी लोखंडी नळी तो दाब सोसत नाही.

बिनधुराची दारू पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४मध्ये सिद्ध केली. ती नायट्रोसेल्युलोजची असते, काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असते. दिसायला ती भुकटी नसून पापुद्रे, गोल कण किंवा बारीक नळ्या असतात. कणाचा आकार आणि त्यावरचे लेपन बदलून तिचा जळण्याचा वेग ठरवता येतो. हातभरणीची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते, कारण काळ्या दारूच्या काळात निवड दाण्याच्या दोन-चार जाडींपुरती होती. आता डब्यावरच्या नावाखेरीज दारू ओळखण्याचा खात्रीचा मार्ग उरला नाही.

रिव्हॉल्व्हर आणि रायफल यांना एकच काडतूस देण्याची कल्पना मात्र काळ्या दारूच्याच काळातली. विंचेस्टरची १८७३ची रायफल .४४-४० काडतुसावर आली. त्यातला ४० हा आकडा काळ्या दारूच्या ४० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमचा. पुढे कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले आणि कमरेच्या एकाच पट्ट्यातून दोन्ही हत्यारे भरता येऊ लागली. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली, की रिकामे टोपण बाहेर पडते आणि नळीखालच्या लांब पेटीतून नवे काडतूस आत येते.

अशा रायफलीसाठी दारू निवडताना पहिला विचार नळीच्या लांबीचा. रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीला झटपट जळणारी दारू बरी. रायफलीच्या १६ ते २४ इंच नळीत ती पहिल्या काही इंचांतच संपते आणि उरलेल्या लांबीचा फारसा उपयोग होत नाही. .३५७ मॅग्नमसारख्या (१९३५) जोरकस काडतुसात सावकाश जळणारी दारू भरपूर घातली, की गोळीला नळीभर रेटा मिळतो आणि वेग ठळकपणे वाढतो. सावकाश दारूचा आणखी एक गुण मला वेगापेक्षा मोलाचा वाटतो: ती टोपण जवळजवळ भरून टाकते, त्यामुळे चुकून दोनदा घातली तर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. .३८ स्पेशल हे मुळात काळ्या दारूच्या मापाने बेतलेले टोपण. त्यात झटपट दारूची चिमूटभर मात्रा तळाशीच राहते. दुप्पट पडली तरी वर जागा शिल्लक असते, आणि गोळी बसवल्यावर आत काय आहे ते गज घालून पाहता येत नाही. म्हणूनच तिकडचे सावध भरणारे गोळी बसवण्यापूर्वी सगळी टोपणे एका ओळीत उभी करून उजेडात आत डोकावतात.

बाकीचे नियम नळीखालच्या पेटीमुळे आले. पेटीत एका काडतुसाची गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेली असते, म्हणून टोकदार गोळी धोक्याची, चपट्या नाकाची योग्य. पेटीच्या स्प्रिंगने गोळी मागे दबून टोपणात शिरली तर आतली जागा कमी होऊन दाब वाढतो, तेव्हा टोपणाची कड गोळीवर घट्ट वळवावी लागते. शिवाय १८७३च्या रायफलीची कुलूपरचना कमकुवत आणि जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९२च्या रायफलीची भक्कम. काडतूस तेच असले तरी दुसरीचा बार पहिलीत घालू नये.

भारतात लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल शिकाऱ्यांच्या हाती क्वचितच दिसली. बंगळूरचे केनेथ अँडरसन विंचेस्टरची १८९५ची .४०५ वापरत, पण ते रायफलीचेच दणकट काडतूस, रिव्हॉल्व्हरचे नव्हे. आदिलाबादच्या रानात ठासणीच टिकली. तिची दारू आणि शिसे सुट्टे मिळत आणि बिघडलेली कळ गावचा लोहार दुरुस्त करी. १९४०मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना मारल्या गेलेल्या गोंड पुढारी कोमाराम भीमच्या पुतळ्यांत आणि चित्रांत बहुधा बंदूक दिसते. हाताने एकेक बार भरणाऱ्यासमोर काडतुसांच्या रायफली असल्या, तर नेमबाजीच्या आधीच वेगात हार होते. जोडेघाट आता २०१६च्या जिल्हा-विभाजनानंतर वेगळ्या झालेल्या आसिफाबाद जिल्ह्यात मोडते.

कायद्यानेही ठासणीला स्वतंत्र जागा दिली आहे. शस्त्र अधिनियम, १९५९मधील कलम १३ पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना नाव घेऊन सांगते. ती पुरी पडत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर साध्या नळीची दुसरी बंदूक देता येते. म्हणजे ज्वारी, मका किंवा कापसाच्या शेतात डुकरांचा उपद्रव सोसणाऱ्या शेतकऱ्याला कायद्याच्या दृष्टीने आधी दिसते ती ठासणीच. मात्र परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२प्रमाणे डुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे राखणीला शिसे न घालता नुसत्या दारूचा आवाज काढणेच सुरक्षित. चोरून तारेत वीज सोडण्याचा मार्ग काही जण घेतात, आणि त्या तारांनी या पट्ट्यात वाघही मेले आहेत.

काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा छंद मात्र इथे रुजू शकलेला नाही. शस्त्र अधिनियमाचे कलम ५ परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्यास मनाई करते, आणि दारूच्या साठ्यावर स्फोटके अधिनियम, १८८४ लागू होतो. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. दारू आणि काडतुसे बनवणारे मोठे सरकारी कारखानेही महाराष्ट्रातच आहेत: भंडाऱ्याला तोफा-बंदुकांची दारू, वरणगावला लहान हत्यारांची काडतुसे, भद्रावतीला चांदा आयुधनिर्माणी, आणि पुण्याजवळ १८६९चा खडकीचा कारखाना, ज्याची ‘केएफ’ ही दोन अक्षरे देशभरातल्या काडतुसांच्या बुडावर ठसलेली आढळतात. १ ऑक्टोबर २०२१पासून हे चारही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.