शिवनेरी१६३०

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात मी एकतीस वर्षं दिवाणजी होतो. आमच्या गाळ्याचा पासवर्ड 'शिवनेरी१६३०'. ईमेलला तोच, हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तोच, बियाणं मागवायच्या साइटलाही तोच. जुन्नर तालुक्यात हा शब्द ओळखायला हेर कशाला हवा? चौथीतलं पोर सांगेल.

आठ वर्षं तो चालला. मग कुणीतरी आमच्या ईमेलमध्ये शिरून परराज्यातल्या एका खरेदीदाराला आमच्याच नावाने लिहिलं, की खातं बदललंय, रक्कम नव्या खात्यात टाका. त्याने टाकली. दोन टेम्पो मालाचे पैसे गेले. शेठ मला काही बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला.

तेव्हापासून मी जुन्या व्यवहारांकडे वेगळ्या नजरेने बघतो. ज्या गडाचं नाव आम्ही कुलूप म्हणून लावलं होतं, त्याला सात दरवाजे आहेत. तरी कड्याच्या एका अंगाला साखळीची वाट आहेच. १६५७ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला तेव्हा माणसं रात्री दोराच्या शिड्यांनी तट चढली. तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. शिवनेरी गड मात्र मोगलांकडेच राहिला. पुढे महाराजांनी आपल्या गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी नेमले. एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यातला हेतू. आमच्या गाळ्यात मात्र एकच शब्द सगळ्यांना ठाऊक. नोकरी सोडून गेलेल्या दोन पोरांनासुद्धा.

हुंडीची गोष्ट याहून बारीक. कागदावर रक्कम आकड्यात असे, अक्षरी असे, शिवाय तिची निम्मी रक्कम लिहून 'त्याची दुप्पट' असंही असे. पाचशेचे पाच हजार करायला एक शून्य पुरतं. पण अडीचशेची दुप्पट पाच हजार कशी होणार? हुंडी हरवली तर पेठ लिहून देत, तीही गहाळ झाली तर परपेठ. मूळ कागद आणि नक्कल दोन्ही घेऊन कुणी आला तर पैसे एकदाच मिळत, कारण पेढीची वही बोलत असे. आम्ही पासवर्ड विसरलो की 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय' असा प्रश्न येई. उत्तर अख्ख्या गावाला पाठ!

पण माझ्या मनात घर करून बसलाय तो बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार. लहानपणी वडील मला घेऊन जात. बैलाचे दात पाहून झाले, चालवून झाला, की दलाल घेणाऱ्याचा हात आपल्या उपरण्याखाली ओढून घेई आणि बोटं दाबी. हीच करपल्लवी. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. हे एक शंभराचं की हजाराचं, ते आधीच पुटपुटून ठरलेलं. वर दोघांचे चेहरे मख्ख. शेजारी पन्नास माणसं तंबाखू मळत उभी, सगळ्यांच्या नजरा उपरण्यावर, आणि कुणाला काही कळायचं नाही. मग दलाल विकणाऱ्याकडे जाई, तिथे पुन्हा उपरणं, पुन्हा बोटं. (दोन्हीकडे तो वेगळे आकडे सांगत असणार याबद्दल वडिलांच्या मनात शंका नव्हती.) सौदा झाला की त्या बोटांचं काम संपलं. पुढच्या बैलाला नवा आकडा. या बैलाचा भाव कळून त्या बैलाचा भाव कुणाला काढता येत नसे. आम्ही मात्र तीन ठिकाणी एकच शब्द लावून ठेवला होता. तो एका ठिकाणी फुटला की तिन्ही दारं उघडी.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. संगणकाला पासवर्ड लावायची रीत १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या यंत्रावर आली. १९६२ सालीच अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाने जास्त वेळ यंत्र वापरायला मिळावं म्हणून सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली. वाचून मला जरा बरं वाटलं.

छोट्या शेठनी आता प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड लावलाय. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग, लांबलचक. ते ठेवायला पासवर्ड मॅनेजर, आणि ईमेल उघडायला पासवर्डाखेरीज त्यांच्या मोबाइलवरचा कोडही लागतो. दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती त्यांनी केली नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ साली तेच सांगितलं होतं: फुटल्याची शंका आली की बदला. सक्ती केली असती तर मी 'शिवनेरी१६३१' केलं असतं, हे मी कबूल करतो. गाळा सोडून कुणी गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद.

आणखी एक नियम माझा. कुणाचा खाते क्रमांक बदलल्याचा निरोप आला, तर निरोपातल्या नंबरवर नाही, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा. गेल्या दिवाळीत वाशीच्या एका व्यापाऱ्याचा असा निरोप आला. छोट्या शेठनी फोन लावला. तो जेवायला बसला होता, चांगलाच वैतागला. खातं खरंच बदललं होतं. संध्याकाळी पैसे पाठवले.