एकाच भूमिकेतली वीस वर्षे

भाईंदरच्या केबिन रोडवर आमच्याच इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत असत. संध्याकाळी त्यांच्या दारावरून जाताना हटकून ‘सीआयडी’चे पार्श्वसंगीत कानावर येई. मराठीच्या प्राध्यापकाच्या चेहऱ्यावर अशा वेळी जी नापसंती उमटते, ती त्यांनी एकदा हेरली आणि म्हणाले, “सर, हा नट आमच्या बँकवाल्यांतला आहे बरं का!” त्या बोलण्यात अभिमान होता, माझ्याविषयीची थोडी तक्रारही होती. ती तक्रार रास्त होती, हे उमगायला मला बराच काळ लागला.

शिवाजी साटम यांचा जन्म १९५० चा. अभिनयाकडे वळण्यापूर्वी ते बँकेत नोकरीला होते. आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरी यांनी त्यांना पाहिले आणि ‘संगीत वरद’ या नाटकात संधी मिळवून दिली. मुंबईतल्या बँका, रेल्वे, गिरण्या यांमधल्या हौशी रंगकर्मींनी दिवसा खातेवह्या आणि यंत्रे सांभाळली, रात्री तालमी केल्या. आपल्या नाट्येतिहासात नाटककार आणि नाट्यसंस्था यांना प्रकरणे मिळतात. या स्पर्धांना फार तर एखादी तळटीप. साटम हे त्या तळटिपेतून आलेले नट आहेत.

१९८० च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही पोलीस तपासाची मराठी मालिका गाजली. शीर्षक अर्थातच पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग मूळचे दूरदर्शनचे कॅमेरामन. याच सिंग यांनी पुढे हिंदीत ‘सीआयडी’ उभी केली. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर २०१८ पर्यंत, दीड हजारांहून अधिक भाग चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा अवतरली. एसीपी प्रद्युम्न या भूमिकेत पहिल्यापासून साटमच होते. म्हणजे देशभर परिचित झालेल्या या हिंदी पोलीस अधिकाऱ्याची पूर्वतयारी मराठी मालिकेत झालेली होती.

साहस आणि रहस्य यांचा नायक आपल्याला नवा नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड वाचनालयांतून घरोघरी पोचले. समीक्षेने मात्र त्यांना उंबरठ्याबाहेरच ठेवले. पण छापील नायक आणि पडद्यावरचा नायक यांत एक मूलभूत भेद आहे. झुंजार कधी म्हातारा झाला नाही. प्रद्युम्न झाला. सत्तेचाळिसाव्या वर्षी साटम या भूमिकेत शिरले आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत त्यांनी साठी ओलांडली. केस पांढरे झाले, चाल मंदावली, आवाज मात्र तसाच दबका राहिला. हवेत बोटे फिरवत विचार करण्याची त्यांची लकब एवढी रूढ झाली की शाळकरी पोरेही तिची नक्कल करू लागली.

एकाच भूमिकेत दीर्घकाळ राहण्याचे उदाहरण मराठी रंगभूमीवर आहेच. प्रभाकर पणशीकरांनी १९६२ पासून कित्येक दशके ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे उभा केला. तिथे संहिता ठरलेली होती आणि नट प्रयोगागणिक तिच्यात खोल उतरत होता. साटमांपुढे संहिता सतत नवी, पुष्कळदा सुमार. कथानके अतर्क्य असत, संवाद साचेबंद असत. हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा लेखनात स्थिर होती ती एक व्यक्तिरेखा, आणि तिच्या सातत्याचा मोठा भार नटाच्या देहावर आणि आवाजावर होता. ‘वास्तव’ (१९९९) या चित्रपटातला त्यांचा हतबल बाप पाहिला, की या नटाकडे आणखी काय काय होते ते कळते, आणि प्रद्युम्नसाठी त्याने काय बाजूला ठेवले असेल याचाही अंदाज येतो.

आपली अभिनयसमीक्षा भूमिकांतले वैविध्य मोजते. भूमिका बदलणाऱ्या नटासाठी तिच्याकडे भरपूर विशेषणे आहेत. एका भूमिकेत टिकून राहणाऱ्यासाठी जेमतेम एकच शब्द आहे, ‘साचा’. पण कीर्तनकाराविषयी किंवा दशावतारातल्या नटाविषयी बोलताना आपण हा शब्द सहसा वापरत नाही. तिथे पुनरावृत्तीलाच आपण साधना म्हणतो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी ‘रहस्यकथा ते दूरचित्रवाणी मालिका’ हा विषय आणला होता. “हे साहित्य नव्हे,” असे सांगून मी तिला परत पाठवले. तिने मुकाट्याने दुसरा, सुरक्षित विषय निवडला आणि उत्तम गुण मिळवले. आज तिने तोच विषय पुन्हा आणला, तर अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांपासून आरंभ कर, असे मी तिला सांगेन. आणि आंतरबँक स्पर्धांत काम केलेली माणसे हयात आहेत तोवर त्यांना भेटून ये, असेही. आमच्या इमारतीतले ते गृहस्थ आता नाहीत. त्यांनी कोणत्या एकांकिकेत काम केले होते, हे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.